टपालाची पाखडणी

पावसाळा सरून कार्तिक महिना लागला की जव्हार आणि मोखाडा या डोंगराळ तालुक्यांतील खळी जागी होतात. उतारावरच्या शेतांतून कापून आणलेली नागलीची कणसे उन्हात वाळतात, वरईच्या पेंढ्या येऊन पडतात. मळणी होते आणि दाणे मोकळे होतात. परंतु ते एकटे येत नाहीत. त्यांच्यासवे भूस, काडीकचरा, माती, बारीक खडे आणि आत दाणाच न भरलेली पोकळ फोलेही येतात. ती वेगळी करण्यासाठी घरातील स्त्री कधी चाळणी हाती घेते, तर कधी सूप. या दोन साधनांत मोठा भेद आहे. चाळणीला केवळ आकार कळतो. तिच्या छिद्राहून जे मोठे ते वर राहते, जे लहान ते खाली पडते; दाण्याएवढाच खडा असला तर चाळणी त्याला दाणाच समजते. सुपाचे तसे नाही. पाखडताना सूप वजन पाहते. भरीव दाणा मागे सरतो आणि पोकळ फोल वाऱ्याबरोबर पुढे उडून जाते.

आणखी एक गोष्ट तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. सुपाबाहेर उडालेले फोल जाणती बाई लगेच उकिरड्यावर टाकत नाही. ते गोळा करून ती पुन्हा एकदा पाखडते, कारण हलका परंतु खरा असा एखादा दाणा त्यात गेलेला असतो. डोंगरउतारावर एवढ्या कष्टाने पिकवलेली नागली सहज टाकवत नाही.

धान्याची ही आठवण येथे करण्याचे कारण असे की, आज पत्रांनाही पाखडावे लागते. ही पत्रे म्हणजे संगणकावरून किंवा भ्रमणध्वनीवरून धाडली जाणारी ई-पत्रे, ज्यांना आपण सारे ई-मेल म्हणतो. तुमच्यापैकी अनेकांचे स्वतःचे ई-मेल खाते अजून नसेल. परंतु वडील भावाच्या, आईवडिलांच्या किंवा शाळेच्या खात्यावर येणारी पत्रे तुम्ही वाचून दाखवली असतील. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना, वसतिगृहात प्रवेश मागताना किंवा एखाद्या परीक्षेस नाव नोंदवताना ई-मेलचा पत्ता बहुधा विचारला जातोच.

ई-पत्राचा इतिहास फार जुना नाही. १९७१ साली रे टॉम्लिन्सन या अमेरिकन अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर जाळ्यामार्फत निरोप पाठवला आणि पाठवणाऱ्याचे नाव व संगणकाचे नाव यांच्यामध्ये आज सर्वांच्या ओळखीचे असलेले ‘ॲट’ हे चिन्ह योजले. आपल्या देशात १९८६ साली एर्नेट या नावाने शिक्षणसंस्थांचे संगणक परस्परांशी जोडण्याचे काम सुरू झाले. मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची आयआयटी या संस्था त्यात अग्रभागी होत्या. सर्वसामान्य नागरिकाला मात्र इंटरनेटचे दार उघडले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगम या तत्कालीन सरकारी कंपनीच्या द्वारे.

आता कागदी पत्र आणि ई-पत्र यांतील एक फरक ध्यानात घ्या. कागदी पत्र धाडायचे तर कागद, पाकीट आणि तिकीट यांचा खर्च येतो. हजार लोकांना पत्रे धाडायची तर खर्च हजारपट होतो. म्हणून मनुष्य विचार करतो आणि ज्याला पाठवणे आवश्यक आहे त्यालाच पाठवतो. ई-पत्राला तिकीट नाही. एकाला पाठवा की दहा लाखांना पाठवा, पाठवणाऱ्याच्या खिशाला जवळजवळ सारखीच झळ बसते. दहा लाखांपैकी दहा माणसे जरी फसली तरी त्याचा फायदाच होतो. उरलेल्यांचा वेळ वाया गेला, याचे त्याला काय होय? सुविधा स्वस्त झाली की तिचा दुरुपयोगही स्वस्त होतो, आणि येथे नेमके तेच घडले.

आरंभ साधाच होता. १९७८ च्या मे महिन्यात गॅरी थर्क नावाच्या एका विक्री-अधिकाऱ्याने आपल्या कंपनीच्या नव्या संगणकाची जाहिरात त्या काळच्या अमेरिकन संगणकजाळ्यावरील सुमारे चारशे जणांना एकदम धाडून दिली. कोणी मागितली नव्हती. पुष्कळजण रागावले, तक्रारी झाल्या. आज संगणकाच्या सुरक्षिततेचे काम करणाऱ्या संस्थांचा अंदाज असा आहे की, जगात पाठवल्या जाणाऱ्या ई-पत्रांपैकी जवळजवळ निम्मी पत्रे अशीच अनाहूत असतात. त्यांना ‘स्पॅम’ म्हणतात. हे नाव मोठे गमतीदार आहे. १९३७ साली अमेरिकेत डबाबंद मांसाचा एक पदार्थ या नावाने विकू लागला. पुढे १९७० साली इंग्लंडमधील दूरचित्रवाणीवर एक विनोदी प्रवेश झाला. त्यात एका खाणावळीत काहीही मागवा, ताटात स्पॅम हे येणारच! नको नको म्हणतानाही पानात पडणारी ती वस्तू लोकांना आठवली आणि नको असलेल्या पत्रांना तेच नाव चिकटले. आपण त्यांना येथे फोल पत्रे म्हणू.

या फोल पत्रांना अडवणारी जी यंत्रणा, तिला स्पॅम फिल्टर म्हणतात. ती आपल्या हातातल्या भ्रमणध्वनीत बसलेली नसते, निदान मुख्यत्वेकरून नसते. आपले पत्र प्रथम ज्या कंपनीच्या मोठ्या संगणकावर येऊन थांबते, तेथेच तिचे काम चालते. चांगली वाटलेली पत्रे ती समोरच्या पेटीत ठेवते आणि संशयास्पद पत्रे ‘स्पॅम’ असे नाव असलेल्या वेगळ्या टोपलीत टाकते.

पहिल्या यंत्रणा चाळणीसारख्या होत्या. त्यांना ठरावीक नियम दिलेले असत. अमुक शब्द पत्रात दिसला की पत्र अडवा. अमुक पत्त्यावरून आले की अडवा. चाळणीची छिद्रे केवढी आहेत हे लबाडांना लवकरच कळले. ‘बक्षीस’ हा शब्द अडतो असे दिसताच त्यांनी अक्षरांच्या मध्ये रेघा घातल्या, टिंबे घातली, एका अक्षराच्या जागी तसाच दिसणारा अंक बसवला. मनुष्याच्या डोळ्याला शब्द वाचता येई, यंत्राला येत नसे. शिवाय चाळणी चांगल्यालाही अडवी. शाळेच्या बक्षीस समारंभाचे निमंत्रण आले, तरी त्यात ‘बक्षीस’ आहेच की! नियम वाढत गेले, अपवाद वाढत गेले आणि चाळणीवर ठिगळेच ठिगळे झाली.

मग सूप आले. त्याची कल्पना मात्र फार जुन्या माणसाची आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये टॉमस बेझ नावाचे एक धर्मोपदेशक होऊन गेले. त्यांना गणिताची आवड होती. हाती आलेल्या पुराव्यावरून एखाद्या गोष्टीची शक्यता किती मानावी, याविषयी त्यांनी एक निबंध लिहिला. १७६१ साली ते वारले आणि १७६३ साली त्यांच्या मित्राने तो निबंध प्रसिद्ध केला. संगणक, ई-पत्र, स्पॅम यांतले काहीही त्यांच्या स्वप्नातही नव्हते. तरीही आजच्या पत्रांच्या पाखडणीत त्यांचे गणित उपयोगी पडते. ते कसे, हे एका उदाहरणाने पाहू. तुम्हाला गुणाकार-भागाकार येतो, तेवढा पुरे.

समजा, यंत्राला शिकवण्यासाठी आपण त्याला १०० चांगली आणि १०० फोल पत्रे दिली. यंत्राने प्रत्येक शब्द मोजला. ‘बक्षीस’ हा शब्द ४० फोल पत्रांत सापडला आणि २ चांगल्या पत्रांत. म्हणजे या शब्दाचे वजन फोलाच्या बाजूला २० पट पडले. ‘त्वरित’ हा शब्द ३० फोल पत्रांत आणि ३ चांगल्या पत्रांत दिसला. त्याचे वजन फोलाच्या बाजूला १० पट. ‘वसतिगृह’ हा शब्द मात्र ३० चांगल्या पत्रांत आढळला आणि फोल पत्रात एकदाच; त्याचे वजन चांगल्याच्या बाजूला ३० पट झाले. आता एक नवे पत्र आले. त्यात ‘बक्षीस’ आणि ‘त्वरित’ हे दोन्ही शब्द आहेत. २० आणि १० यांचा गुणाकार २००. म्हणजे ते फोल असण्याची शक्यता चांगले असण्याच्या २०० पट. असे पत्र टोपलीत जाईल. दुसरे एक पत्र वसतिगृहातील बक्षीस समारंभाचे आहे. त्यात एका बाजूला २०, दुसऱ्या बाजूला ३०. म्हणजे फोलाकडे दोन हिस्से तर चांगल्याकडे तीन. शंभरात चाळीस एवढीच शंका उरली. पत्र सुखरूप पेटीत पोहोचले. एकच ‘बक्षीस’ शब्द, पण शेजारच्या शब्दाप्रमाणे त्याचा निवाडा निराळा झाला. येथे यंत्र असे गृहीत धरते की प्रत्येक शब्द आपापला स्वतंत्र येतो. हे तंतोतंत खरे नाही, कारण भाषेत शब्द शब्दांना ओढून आणतात. म्हणून या रीतीला विद्वानांनी ‘भोळी’ असे विशेषण दिले आहे. पण ही भोळी रीत आश्चर्य वाटावे इतके चांगले काम देते.

२००२ च्या ऑगस्टमध्ये पॉल ग्रॅहॅम या संगणकतज्ज्ञाने या रीतीवर एक लेख लिहिला आणि ती सर्वत्र गाजली. त्याच्या कृतीतील एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. चांगल्या पत्रांतील शब्दांची मोजणी त्याने मुद्दाम दुप्पट धरली. काटा जाणूनबुजून चांगल्याच्या बाजूला झुकता ठेवला. आणि शंका शंभरात नव्वदांहून अधिक झाली तरच पत्र फोल समजायचे असे ठरवले. असे का केले असेल? फोल पत्र पेटीत शिरले तर ते पुसून टाकायला क्षण लागतो. परंतु खरे पत्र टोपलीत गेले, तर ते आले होते हेदेखील कळत नाही. दोन्ही चुकाच, परंतु त्यांची किंमत सारखी नाही.

आजची यंत्रे याहून पुष्कळ पुढे गेली आहेत. ती केवळ शब्द मोजत नाहीत. पत्र कोठून निघाले, त्याच ठिकाणाहून पूर्वी काय आले होते, त्यातील दुवे कोठे नेतात, लोकांनी तशा पत्राचे काय केले, हे सारे पाहतात. तरी मूळ स्वभाव सुपाचाच. ‘हे पत्र लबाडाचे आहे’ असे यंत्र कधीच जाणत नाही. ‘असे असण्याची शक्यता इतकी आहे’ एवढेच त्याला म्हणता येते.

पाखडण्याबरोबर दुसरे एक काम असते, ते मुखवटे ओळखण्याचे. जव्हार-मोखाड्याच्या मुलांना मुखवटे काय सांगावे! बोहाड्यात देवदेवतांचे आणि राक्षसांचे मुखवटे धारण करून सोंगे नाचतात, आणि मुखवट्याआडचा मनुष्य आपल्याच गावचा आहे हे पाहणाऱ्यांना ठाऊक असते. त्या मुखवट्यात फसवणूक नाही; भक्ती आहे, आनंद आहे. ई-पत्राच्या लबाडाचा मुखवटा निराळा. पाकिटावर पाठवणाऱ्याचे नाव हवे ते लिहिता येते, त्याचप्रमाणे ई-पत्रावरही बँकेचे, सरकारी खात्याचे किंवा शाळेचे खोटे नाव घालता येते. यावर उपाय म्हणून मोहोरेची युक्ती निघाली. पूर्वी दरबारी कागद खरा आहे हे दाखवण्यासाठी त्यावर शिक्कामोर्तब करत. तसेच पाठवणारी संस्था आपल्या संगणकाकरवी प्रत्येक पत्रावर एक गुप्त गणिती मोहोर उमटवते आणि ती तपासण्याची किल्ली इंटरनेटवर उघड ठेवते. मोहोर उमटवणे फक्त संस्थेला शक्य, तपासणे मात्र कोणालाही शक्य. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहू या कंपन्यांनी मोठ्या संख्येने पत्रे पाठवणाऱ्यांवर अशा तपासण्या बंधनकारक केल्या. तथापि लबाडही स्वतःच्या नावाची मोहोर करून घेऊ शकतो, आणि ते नाव खऱ्या नावासारखे दिसणारे घेतो. म्हणून नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचावे. आपल्याकडील सरकारी कार्यालयांचे पत्ते सामान्यतः ‘डॉट गव्ह डॉट इन’ किंवा ‘डॉट निक डॉट इन’ यांनी संपतात. मध्येच कोठेतरी ‘गव्ह’ आले आणि शेवट निराळाच असला, तर ते सोंग समजावे.

आता यंत्राच्या चुकीकडे वळू, कारण खरी काळजीची गोष्ट तेथेच आहे. समजा, खोडाळ्याजवळच्या एखाद्या पाड्यावरील मुलीने वसतिगृहाच्या प्रवेशासाठी अर्ज केला आहे. एके दिवशी उत्तर येते: “आपला अर्ज मंजूर झाला आहे. सात दिवसांच्या आत मूळ कागदपत्रांसह त्वरित उपस्थित राहावे.” पत्र अक्षरशः खरे आहे. पण त्यातले शब्द पाहा. ‘अर्ज मंजूर’, ‘सात दिवस’, ‘त्वरित’, ‘कागदपत्रे’. खोटे कर्ज देणारा आणि खोटी सोडत काढणारा हेच शब्द रोज वापरतो. लबाडाने खऱ्याची भाषा उचलली, म्हणून खऱ्यावर संशय आला! त्यात पाठवणारी संस्था लहान आणि नवी असली, तिच्या संगणकावर मोहोरेची व्यवस्था नसली, तर संशय आणखी दाट होतो. शिवाय यंत्र जे पाहते त्यावरूनच शिकते. ज्या भाषेतील पत्रे त्याने थोडी पाहिली, त्या भाषेत त्याची पारख कच्ची राहते. इंग्रजीचा सराव त्याला अपार, मराठीचा त्यामानाने कमी. पत्र टोपलीत पडते. भ्रमणध्वनी वाजत नाही. सात दिवस निघून जातात.

शहरातील मुलीला कदाचित दुसरा कोणी सांगेल. कार्यालय चार पावलांवर असेल, मैत्रीण दूरध्वनी करील. पाड्यावर, जेथे दूरध्वनीची रेंज टेकडीवर चढले तर मिळते आणि उतरले तर जाते, तेथे ते एक पत्र हीच एकुलती वाट असते. म्हणून अर्ज केल्यानंतर उत्तराची वाट पाहणाऱ्याने समोरची पेटी पाहून थांबू नये, टोपलीही पाहावी. पालकांच्या भ्रमणध्वनीवर ती पाहायला दोन मिनिटे लागतात. ज्या आठवड्यात उत्तर अपेक्षित असेल त्या आठवड्यात रोज पाहावी, एरवी आठवड्यातून एकदा पुरे. ज्या संस्थेकडे अर्ज केला तिचा पत्ता अर्जाच्या कागदावरून उतरून घेऊन आपल्या पत्तेयादीत आधीच नोंदवला, तर यंत्र बहुधा त्या पत्राला ओळखीचे मानते.

टोपलीत पाहायचे म्हणजे सारे उघडायचे असे नव्हे. पाठवणाऱ्याचे नाव आणि विषयाची ओळ वाचावी, बाकीचे तसेच राहू द्यावे. अनोळखी पत्रातील दुवा दाबू नये, सोबत जोडलेली फाईल उतरवू नये. “ही पत्रे नको असल्यास येथे दाबा” अशी ओळ ओळखीच्या संस्थेच्या पत्रात असेल तर खुशाल वापरावी. लबाडाच्या पत्रात ती वापरली तर हा पत्ता जिवंत आहे, येथे माणूस वाचतो, एवढीच बातमी त्याला मिळते आणि पत्रे वाढतात. शिष्यवृत्ती मिळण्यापूर्वी ‘नोंदणी शुल्क’ भरा असे सांगणारे पत्र कितीही गोड असले तरी शिक्षकांना दाखवल्याखेरीज पैसा भरू नये. भ्रमणध्वनीवर येणारा गुप्त अंक, ज्याला ओटीपी म्हणतात, तो तर कोणालाच सांगू नये. पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. जितका उशीर, तितके पैसे दूर जातात.

एक काम यंत्र आपल्यावर सोपवते. फोल पत्र पेटीत आले तर ‘स्पॅम’ असे बटण दाबायचे, आणि खरे पत्र टोपलीत सापडले तर ‘स्पॅम नाही’ हे. पुष्कळ लोक पहिले बटण दाबतात. दुसऱ्याकडे फारसे कोणी वळत नाही. वास्तविक दुसरे अधिक उपयोगाचे आहे. ते दाबताच पत्र पेटीत परत येते, आणि त्या पाठवणाऱ्याची पुढची पत्रे पारखताना यंत्र तुमचा हा निर्णय जमेस धरते. मोखाड्याच्या एखाद्या शाळेतील शिक्षकांनी आपल्या वसतिगृहाचे पत्र असे दहा वेळा सोडवले, तर अकराव्या मुलाच्या पत्राला वाट मिळण्याचा संभव वाढतो. मात्र हे वेळेत व्हायला हवे. जीमेलच्या टोपलीतील पत्र तीस दिवसांनंतर आपोआप नष्ट होते.